आधी श्वास, मग छायाचित्र

दिवाळीची सुट्टी लागली की सांगली, कोल्हापूर, इचलकरंजीकडील अनेक व्यापारी कुटुंबे घाट उतरून मालवण-तारकर्लीला जातात. पूर्वी या सहलीत सिंधुदुर्ग किल्ला, नावेतून देवबागचा संगम आणि संध्याकाळची वाळू एवढेच असे. गेल्या काही वर्षांत त्यात समुद्राच्या पोटात डोकावण्याची भर पडली आहे. प्रशिक्षक पाठीवरची टाकी धरून पर्यटकाला काही मीटर खाली नेतो, थोडा वेळ फिरवून आणतो आणि एका चिमुकल्या कॅमेऱ्याने त्याची चित्रफीत काढून देतो. घरी परतल्यावर ती दिवाणखान्यात सर्वांना दाखवली जाते, तेव्हा थोडा हिरमोड ठरलेलाच असतो. पाण्याखाली डोळ्यांना जे अद्भुत वाटले होते, ते पडद्यावर हिरवट धुक्यासारखे दिसते. चेहरा राखाडी पडलेला असतो आणि ज्याला पाहून अंगावर रोमांच उभे राहिले होते, तो मासा कोपऱ्यातला एक ठिपका असतो. बहुतेक जण दोष कॅमेऱ्याला देतात. एखाद्याला मात्र ‘असे का झाले?’ हा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही, आणि पाण्याखालील छायाचित्रणाचा विद्यार्थी तेथे जन्माला येतो.

या प्रश्नाचे उत्तर पाण्याच्या स्वभावात आहे. जुन्या काळी गावाच्या वेशीवर जकात नाका असे आणि मालाच्या प्रकाराप्रमाणे कमी-अधिक जकात घेतली जाई. पाणी प्रकाशाशी तसेच वागते. सर्वांत जड जकात तांबड्या रंगाला. साधारण ५ मीटर खोलीवर तो जवळजवळ संपतो. १० मीटरांच्या आसपास नारिंगी मावळतो, २० मीटरांच्या सुमारास पिवळा, आणि त्याखाली हिरव्या-निळ्या छटांचेच राज्य उरते. वर लालभडक दिसणारा रुमाल खाली काळपट तपकिरी होतो. ही वसुली केवळ खोलीवर होते असे नवशिक्यांना वाटते. वास्तविक ती प्रकाशाच्या संपूर्ण प्रवासावर होते. मासा ३ मीटर खोल आणि कॅमेऱ्यापासून ३ मीटर दूर असेल, तर प्रकाशाने ६ मीटर पाणी ओलांडलेले असते. म्हणून उथळ पाण्यातही दूरवरून टिपलेले चित्र निळसर, बेरंगी येते.

दुसरी अडचण अपवर्तनाची. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्यामुळे मुखवट्याच्या सपाट काचेतून पाहताना प्रत्येक वस्तू सुमारे एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठी भासते. हात पुढे करावा तर वस्तू अजून लांबच असते. कॅमेऱ्याच्या सपाट काचेचेही हेच होते. २४ मिलिमीटरचे भिंग पाण्याखाली सुमारे ३२ मिलिमीटरच्या भिंगासारखे वागू लागते आणि दृश्याचा विस्तार आक्रसतो. रुंद दृश्य टिपणारे छायाचित्रकार कॅमेऱ्यापुढे घुमटाकार काच लावतात ती याच कारणासाठी.

तिसरी अडचण तरंगत्या कणांची. आंबोली घाटात दाट धुक्यात गाडीचे प्रखर दिवे लावले, तर रस्ता दिसण्याऐवजी समोर पांढरी भिंत उभी राहते. पाण्यात गाळाचे आणि सूक्ष्म जीवांचे कण असतातच. कॅमेऱ्यावरचाच फ्लॅश थेट समोर उडवला की हे कण उजळतात आणि चित्रावर जणू हिमवर्षाव होतो. अनुभवी लोक फ्लॅश लांब दांड्यांवर डाव्या-उजव्या बाजूंना बसवतात आणि किंचित बाहेरच्या दिशेला वळवतात. त्यामुळे प्रकाशाची केवळ कड माशावर पडते आणि भिंग व मासा यांमधील पाणी अंधारात राहते.

तिन्ही अडचणींवर उपाय एकच निघतो, तो म्हणजे जवळ जाणे. हातभर अंतर असावे, त्याहून कमी असेल तर उत्तम. दूरचे भिंग लावून मासा जवळ ओढण्याची जमिनीवरची युक्ती येथे चालत नाही, कारण मधले पाणी काही कमी होत नाही.

या दृष्टीने कोकणचा गढूळ समुद्र शिकाऊ माणसाला वाटतो तितका वाईट नव्हे. मालवणच्या परिसरात नद्यांचा गाळ आणि प्लवक यांमुळे अनेकदा चार-पाच मीटरांपलीकडचे दिसत नाही. अंदमानात स्वराज द्वीपाभोवती चांगल्या दिवशी त्याच्या कितीतरी पट दूरचे दिसते, आणि तेथे पहिल्यांदा उतरणारा माणूस त्या नितळपणाला भुलून लांबलांबची दृश्ये टिपत सुटतो. गढूळ पाण्यात तसे करताच येत नाही. तेथे खडकाच्या कपारीतला वीतभर मासा, शेवंतीच्या फुलासारखे दिसणारे समुद्रफूल, एखादा शंख यांच्याजवळ जाऊन बसावे लागते. मालवणला धडा शिकून मग अंदमानला जाणारा विद्यार्थी अधिक चांगली चित्रे घेऊन येतो, यात नवल नाही.

जवळ जाऊन स्थिर राहण्याची ही सक्ती या कलेच्या जन्मापासूनची आहे. फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावरील बान्यूल-सूर-मेर या गावी आरागो नावाची सागरी प्रयोगशाळा आहे. तेथील जीवशास्त्रज्ञ लुई बूताँ यांनी १८९३ साली पाणबुड्याचा अवजड पोशाख चढवून समुद्रतळावर छायाचित्रे घेतली. कॅमेऱ्याची जलाभेद्य पेटी घडवण्यात त्यांच्या भावाचा हात होता. काचेवरची रसायने त्या काळी इतकी मंद होती, की एका चित्रासाठी कधी कधी अर्धा तास प्रकाश द्यावा लागे. पुढे मॅग्नेशियम जाळून उजेड पाडण्याचेही प्रयोग झाले. त्याआधी, १८५६ साली, इंग्लंडमधील वेमथच्या उपसागरात विल्यम थॉम्पसन यांनी होडीतूनच कॅमेरा पाण्यात सोडून पाहिला होता. रंगीत चित्राला आणखी सत्तर वर्षे लागली. विल्यम लाँग्ली आणि चार्ल्स मार्टिन यांनी १९२६ साली फ्लोरिडाजवळील ड्राय टोर्टुगास बेटांपाशी माशाचे रंगीत छायाचित्र मिळवले आणि १९२७च्या आरंभी ते ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकात झळकले. उजेडासाठी त्यांनी पाण्यावर तराफा सोडून त्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवली होती. आज खिशात मावणारा कॅमेरा तेच काम क्षणार्धात करतो. बूताँ यांना जे अर्धा तास साधावे लागे ते, म्हणजे न हलता राहणे, मात्र यंत्राने अद्याप माणसाच्या वतीने करून दिलेले नाही.

आणि खरा धोकाही याच ठिकाणी आहे. जमिनीवर छायाचित्रण शिकलेल्या जवळपास प्रत्येकाला एक सवय असते: बटण दाबताना तो क्षणभर श्वास रोखतो, कारण त्याने हात स्थिर राहतो. जमिनीवर हा गुण आहे. टाकी लावून पाण्याखाली गेल्यावर तीच सवय जिवावर बेतू शकते. समुद्रात दर १० मीटरांना एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे १० मीटर खोलीवर पृष्ठभागाच्या दुप्पट दाब असतो आणि टाकीतून तेथे घेतलेली हवा त्याच दाबाची असते. ती छातीत कोंडून माणूस वर आला, तर तीच हवा पृष्ठभागाशी दुप्पट जागा मागते. फुप्फुसे तेवढी ताणली जात नाहीत, ती फाटतात आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरू शकतात. भरल्या छातीने जेमतेम एक-दीड मीटर वर सरकणेही घातक ठरू शकते. म्हणून या विद्येचा पहिला नियम असा, की श्वास कधीही रोखायचा नाही. छायाचित्रकार हा नियम मोडण्याची भीती सर्वांत अधिक. कारण त्याची नजर पडद्यावरच्या माशावर खिळलेली असते आणि आपण हळूहळू वर चाललो आहोत हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

श्वासाचे दुसरे काम अधिक सुखद आहे. योग्य वजन कमरेला बांधले आणि अंगावरच्या जाकिटात बेताची हवा भरली, की माणूस पाण्यात ना बुडतो ना तरंगतो. अशा अवस्थेत छाती भरली की शरीर वीतभर वर उचलले जाते आणि श्वास सोडला की तितकेच खाली येते. हा आर्किमिडीजचा शाळेत शिकलेला सिद्धान्त येथे अंगभर अनुभवाला येतो. श्वास संथ आणि उथळसा चालू ठेवावा, तो सावकाश सोडत असताना बटण दाबावे. हात मारणे नाही, पाय झाडणे नाही. तळाच्या वर अधांतरी, हातापायांची हालचाल न करता मिनिटभर राहता येईपर्यंत विद्यार्थ्याला कॅमेरा नेऊ देत नाहीत, असे काही प्रशिक्षकांचे व्रतच असते. तक्रार करणारे विद्यार्थी पुष्कळ भेटतात, परंतु प्रशिक्षकांचीच बाजू बरोबर आहे.

एका सहलीत घेतलेला वीस मिनिटांचा अनुभव या शिक्षणाला पुरत नाही. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे प्रशिक्षण केंद्र आहे. गोवा आणि अंदमानातही शिकण्याची सोय आहे. ‘ओपन वॉटर’ हा प्राथमिक अभ्यासक्रम साधारण तीन-चार दिवसांचा असतो आणि तो पूर्ण करणाऱ्याला सोबत्यासह १८ मीटरपर्यंत जाण्याची पात्रता मिळते. दमा, हृदयविकार, कानाचा जुना विकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. अर्जावरील प्रश्नांना खोटी उत्तरे देऊन वेळ मारून नेण्याचा मोह फार वाईट. टाकीत प्राणवायू भरलेला असतो हा समजही चुकीचा आहे. साध्या डुबकीसाठी तिच्यात नेहमीचीच हवा दाबून भरलेली असते, बहुधा २०० बार दाबाने, आणि ५० बार शिल्लक असताना पृष्ठभागावर परतायचे हा सर्वसाधारण शिरस्ता आहे. गंगाजळीला हात लावायचा नाही, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको. तरीही सुंदर मासा समोर असताना दाबमापकाकडे पाहण्याचे भान सुटते. दर दोन-तीन चित्रांनंतर एकदा काट्याकडे, एकदा सोबत्याकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते. त्या बिचाऱ्या सोबत्याची अवस्था साड्यांच्या दुकानाबाहेर ताटकळणाऱ्या गृहस्थासारखी असते. त्याने कंटाळून दूर निघून जाऊ नये, ही जबाबदारीही छायाचित्रकाराचीच. कॅमेरा दोरीने जाकिटाला अडकवलेला असावा, म्हणजे वेळ पडल्यास दोन्ही हात मोकळे होतात.

अंदमानच्या सहलीत आणखी एक पथ्य हमखास विसरले जाते. डुबकी ठेवली जाते शेवटच्या दिवशी आणि संध्याकाळचे विमान ठरलेले असते. डुबकीनंतर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडण्यास वेळ लागतो. एकापेक्षा अधिक डुबक्या झाल्या असतील तर विमानप्रवासापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावेत, असा वैद्यकीय सल्ला आहे. सहलीचे वेळापत्रक आखतानाच डुबकी पहिल्या दिवसांत घालावी.

पाण्याखालचा दगड हा पुष्कळदा दगड नसतो. प्रवाळ म्हणजे असंख्य सूक्ष्म जीवांची वसाहत, आणि घट्ट गोलसर प्रवाळांची वाढ वर्षाला काही मिलिमीटर इतकी मंद. चित्र साधण्याच्या धांदलीत पायाच्या पंखाचा एक फटका बसला, की कित्येक वर्षांची वाढ तुटून पडते. तोल सावरण्यासाठी हाताने प्रवाळ धरणे, त्यावर गुडघा टेकणे, पाय झाडून गाळ उडवणे हे सारे तोल न साधलेल्या छायाचित्रकाराचे अपराध होत. मालवणचा काही सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने देशभरातील प्रवाळांना संरक्षण दिले आहे. आठवण म्हणून त्याचा तुकडा घरी आणणे हा गुन्हा ठरतो.

प्राण्यांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे. फुगलेला काटेरी मासा चित्रात गमतीदार दिसतो, परंतु तो फुगतो तो भीतीने. त्याला डिवचून फुगवणारे लोक आहेत. समुद्रघोड्याला काडीने ढोसून सोयीच्या जागी वळवणारेही आहेत. काही ठिकाणी मासे पर्यटकाभोवती गोळा व्हावेत म्हणून पावाचा किंवा बिस्किटाचा चुरा पाण्यात सोडतात. नदीच्या घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या घालणाऱ्या घरांतील माणसांना यात जीवदयाच दिसण्याचा संभव आहे. पण येथे चुरा टाकला जातो तो चित्रासाठी, माशाच्या भुकेसाठी नव्हे. आणि खडकावरचे शेवाळ खाऊन प्रवाळ स्वच्छ ठेवणारे मासे पावाच्या मागे लागले, तर त्यांचे नेहमीचे काम राहून जाते. प्रशिक्षकाला ‘चुरा नको’ एवढे आधीच सांगता येते. चित्रात मासे कमी दिसतील, इतकेच.

वास्तविक मासा जवळ येण्यासाठी आमिषाची गरज क्वचितच पडते. पाठलाग केला की हाती लागते ती शेपटी; नवशिक्यांच्या संग्रहात शेपट्यांचीच गर्दी असते. त्याऐवजी एखाद्या कपारीपासून थोडे बाजूला, संथ श्वास घेत थांबावे. पाच-सात मिनिटांत तेथील रहिवासी पाहुण्याला खडकाचाच भाग समजू लागतात आणि आपापल्या कामाला लागतात. अशा वेळी कॅमेरा माशाच्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा थोडा खाली धरून वरच्या दिशेने चित्र घ्यावे. वरून खाली टिपलेला मासा तळाच्या रंगात हरवतो. खालून टिपला, तर मागे निळे पाणी आणि उजेड मिळतो. डोळा स्पष्ट आला पाहिजे. बाकी अंग थोडे धूसर झाले तरी चालते.

खर्चाकडे वळले, तर येथे हिशेबी माणसानेही गडबडून जावे अशी एक गोष्ट आहे. चांगल्या कॅमेऱ्याची जलाभेद्य पेटी, जिला व्यवहारात हाउसिंग म्हणतात, ती पुष्कळदा कॅमेऱ्याइतकी किंवा त्याहून महाग असते आणि बहुधा एकाच प्रतिमानासाठी घडवलेली असते. कॅमेरा बिघडला किंवा बदलला, की पेटी निकामी. जुन्या बाजारात तिला गिऱ्हाईक मिळणेही अवघड. म्हणून पहिल्या वर्षी मोठी गुंतवणूक करू नये. ऑलिंपसच्या टीजी मालिकेतील टीजी-६ सारखा छोटा कॅमेरा स्वतःच १५ मीटरपर्यंत पाणी सोसतो आणि अगदी जवळची सूक्ष्म चित्रे फार सुरेख घेतो. भाड्याने मिळत असेल तर त्याहून बरे. पुढे पैसे घालायचे झाल्यास कॅमेरा बदलण्याआधी एक स्वतंत्र फ्लॅश घ्यावा, कारण गेलेला तांबडा रंग परत आणणारा तोच. फ्लॅश नसेल तोवर पांढऱ्या रंगाचा समतोल हाताने जुळवावा. पांढरी पाटी पाण्यात नेऊन तिच्यावर तो लावतात आणि खोली बदलली की पुन्हा लावतात. चित्रे ‘रॉ’ स्वरूपात साठवली, तर घरी संगणकावर रंग सुधारण्यास अधिक वाव राहतो.

पेटीचे सारे भवितव्य एका रबरी कडीवर अवलंबून असते. या ओ-रिंगवर एक केस, वाळूचा एक कण किंवा रुमालाचा एक धागा राहिला, तर खारे पाणी आत शिरते आणि कॅमेरा संपतो. बहुतेक वॉरंटींत हे नुकसान बसत नाही. डोलत्या होडीत, ओल्या हातांनी, घाईघाईत पेटी बंद करणे म्हणजे संकटाला आमंत्रण. आदल्या रात्री खोलीत, पंखा बंद करून, चांगल्या उजेडात कडी काढावी, पुसावी, बोट फिरवून तपासावी, कंपनीने सांगितलेले सिलिकॉन ग्रीस नखावर मावेल इतकेच लावावे आणि पेटी मिटावी. नवी पेटी पहिल्यांदा पाण्यात नेताना आत कॅमेऱ्याऐवजी कोरडा कागद घालून न्यावी. गळती असेल तर ती बहुधा उथळ पाण्यातच प्रकट होते, कारण खोल गेल्यावर पाण्याचा दाबच झाकण अधिक घट्ट आवळतो. म्हणून उतरल्याबरोबर पेटीतून बुडबुड्यांची माळ निघते का, हे पाहून मगच पुढे जातात.

सरावाला समुद्रच हवा असे नाही. गावातल्या तरणतलावात, व्यवस्थापकाची परवानगी काढून, लाल, पिवळ्या आणि निळ्या कापडाचे तीन तुकडे एका दोरीवर टांगावेत आणि फ्लॅश न वापरता त्यांचे चित्र १, ३ आणि १० मीटरांवरून घ्यावे. तिन्ही चित्रे शेजारी ठेवली की लाल तुकडा अंतरागणिक कसा विझत जातो, ते कोणत्याही पुस्तकाहून स्पष्ट कळते. कापडाच्या धंद्यातील घरांना तर त्यासाठी काही विकतही घ्यावे लागणार नाही.

डुबकीहून परतल्यावर पेटी न उघडता गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवतात आणि पाण्यातच तिची सर्व बटणे अनेकदा दाबतात, म्हणजे फटींतले मीठ निघून जाते. मीठ वाळून खडा झाले की तोच कडीला चरे पाडतो. पेटी कोरडी पुसून, केसांचे पाणी आत ठिबकणार नाही अशा बेताने उघडावी. कोकणात डुबक्यांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असा असतो. पावसाळ्यात समुद्र बंद. त्या चार महिन्यांसाठी कडी काढून स्वच्छ पिशवीत वेगळी ठेवावी, फ्लॅशमधल्या बॅटऱ्या बाहेर काढाव्यात आणि पेटी न आवळता, सिलिकाच्या दोन पुड्या आत टाकून, कपाटात ठेवून द्यावी.